ताटाचा हिशेब शिध्यापासून: रोजच्या जेवणाचं प्रमाण कसं बसवायचं

खाणं आटोक्यात आणायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड पोळीवर पडते. तीनाच्या दोन होतात, रात्रीचा भात बंद होतो, बाकी ताट जसंच्या तसं राहतं: चमचाभर भाजी, पातळ आमटी, कोपऱ्यात लोणचं. मग दुपारी चारला पोटात खड्डा पडतो आणि चहाबरोबर शेव-फरसाण सुरू होतं. वाचवलेल्या एका पोळीच्या साधारण १०० कॅलरी, तर ५० ग्रॅम शेवेच्या अडीचशेच्या वर. आठवड्याभरात कंटाळा येतो आणि सगळं पूर्वपदावर.

पोळी कमी केली ही यातली चूक नव्हे. तिची जागा रिकामी राहिली, ही चूक. आणि ती जागा वाढताना भरता येत नाही, कारण पातेल्यात डाळ आणि भाजी मुळातच चौघांना पुरेल एवढी नसते. म्हणून मोजायचं ते ओट्यावर, कोरडा शिधा काढताना.

किती लागतं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या दिवसाचा हिशेब असा आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम (त्यातली १०० ग्रॅम पालेभाजी), फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, दाणे-तीळ-जवस वगैरे ३५ ग्रॅम, तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत.

२००० हा आकडा सगळ्यांचा नाही. त्याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २११० आणि ५५ किलोच्या स्त्रीला १६६० कॅलरी लागतात. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याची गरज याच्या दीडपटीच्या वर जाते, त्याला 'दोनच पोळ्या खा' म्हणणं चुकीचं आहे. प्रथिनं मात्र वजनावर ठरतात: दर किलोला ०.८३ ग्रॅम, आणि जेवणाचा भर मुख्यतः धान्यावर असेल तर १ ग्रॅम धरावं. ५५ किलोच्या बाईला ४६ ते ५५ ग्रॅम.

आपल्या घरात काय चाललंय हे पाहायला ताटाकडे बघायचीही गरज नाही, किराणाची यादी काढा. चार मोठ्या माणसांच्या शाकाहारी घरात वरच्या हिशेबाने महिन्याला धान्य ३० किलो, डाळी-कडधान्यं १० किलो आणि तेल-तूप मिळून सव्वातीन किलो लागतं, म्हणजे सारं तेलच धरलं तर साधारण साडेतीन लिटर. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ६०० ग्रॅम. साखर आणि गूळ मिळून तीन किलोच्या आत, आणि त्यात बाहेरची मिठाई-बिस्किटंही आली. आता स्वतःची यादी शेजारी ठेवा. बहुतेक घरांत धान्य जुळतं, तेल आणि साखर पुढे गेलेली असते आणि डाळ १० किलोच्या जवळपासही नसते. घरात अंडी-मासे-चिकन नियमित असेल तर डाळ थोडी कमी चालते. नसेल, तर पहिली दुरुस्ती इथेच.

घरातली वाटी मोजून घ्या

'वाटीभर वरण' या शब्दांना मोजमाप नाही. स्टीलची वाटी १०० मिलीचीही असते आणि २०० मिलीचीही. रोजच्या वापरातली वाटी काठोकाठ पाण्याने भरा, काट्यावर पाण्याचं वजन करा; जितके ग्रॅम तितके मिली. १५० मिलीच्या आसपासची एक वाटी शोधून ती डाळ-तांदळाच्या डब्यातच ठेवून द्या. पुढे जिथे वाटी म्हटलंय तिथे हीच. अशा वाटीत सपाट भरून तांदूळ किंवा तूरडाळ १२० ते १३० ग्रॅम बसते, कणीक ८० ग्रॅमच्या आसपास. शीग लावून भरली की हिशेब बिघडतो. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पंधरा दिवस लागतो. त्यानंतर हाताला अंदाज येतो आणि काटा फराळाच्या वेळेपर्यंत कपाटात गेला तरी चालतो.

पोळी, भाकरी, भात

'मी तीनच पोळ्या खातो' यात पोळी केवढी हे कोणी सांगत नाही. एक सोपी तपासणी: २५० ग्रॅम कणीक मोजून भिजवा आणि किती पोळ्या होतात ते मोजा. १० झाल्या तर एक पोळी २५ ग्रॅमची, आणि भिजवलेला गोळा साधारण ४० ग्रॅमचा. ७ च झाल्या तर एकेक ३५ ग्रॅमच्या पुढे गेली, म्हणजे अशा तीन पोळ्या म्हणजे खरं तर चारच्या वर. २५ ग्रॅम कणकेच्या ८०-८५ कॅलरी. घडीच्या पोळीत आत तेलाचं बोट आणि वर तुपाचा हात फिरला की ती शंभरी ओलांडते. फुलका केला तर हे तेल पूर्ण वाचतं, पण फुलका डब्यात तासाभरात चिवट होतो. डब्यासाठी घडीचीच पोळी करा आणि तेल फक्त आत लावा, वरून नको.

ज्वारीची भाकरी हलकी म्हणून दोन भाकऱ्या खाणारे खूप. ग्रॅमला ग्रॅम पाहिलं तर ज्वारी, बाजरी, गहू आणि तांदूळ यांच्या कॅलरींत नाव घेण्यासारखा फरक नाही. भाकरीचा फायदा तंतूंचा आणि पोटभरीचा. पण एक मध्यम भाकरी ५० ते ६० ग्रॅम पिठाची असते, म्हणजे दोन पोळ्यांची बरोबरी. बैठं काम असेल तर एका जेवणाला एक भाकरी किंवा दोन पोळ्या, त्यावर हवी असेल तर भाताची एक मूद.

मूद पाडायची ती वाटी हेच भाताचं माप. ३० ग्रॅम कच्च्या तांदळाचा ८० ते ९० ग्रॅम भात होतो, तो १५० मिलीच्या वाटीत जेमतेम भरतो. चौघांना म्हणजे वाटीभर तांदूळ. कुकरला दोन वाट्या लावून 'थोडंच खाऊ' असं ठरवलं तर ते होत नाही; भात उरला की कोणीतरी तो संपवतंच, बहुधा शेवटी जेवायला बसलेली घरची बाई. कोकणात आणि गोव्यात पोळीला जागाच नसते, तिथे भात दोन ते तीन मुदींपर्यंत धरावा आणि पोळी मोजू नये. दोन्हींचा पूर्ण वाटा एकाच ताटात आला की गाडी घसरते.

बटाटा, साबुदाणा, रताळं, मका, पाव हे सगळं धान्याच्या रकान्यात घाला. पोळी, बटाट्याची भाजी आणि भात अशा ताटात तीन पदार्थ दिसले तरी पोषणाच्या दृष्टीने एकच पदार्थ तीनदा वाढलेला असतो. बटाट्याची भाजी करायची त्या दिवशी भात नको, आणि शेजारी उसळ असू दे.

डाळ कुठे घालायची

चौघांच्या एका जेवणाला माणशी ३० ग्रॅम म्हणजे सपाट भरून एक वाटी तूरडाळ. तिचं चार वाट्या दाट वरण होतं आणि प्रत्येकाला साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. हीच वाटी आठ वाट्या आमटीत पसरली तर चव छान लागते, आमसूल-गुळाचा वास दरवळतो, पण ताटातल्या वाटीत प्रथिनं तीन ग्रॅमच उरतात. आमटी पातळच आवडत असेल तर डाळ दुसऱ्या वाटेने आणा:

- पालेभाजीत भिजवलेली हरभरा डाळ आणि दाणे. ताकातला पालक किंवा आळूचं फदफदं याच पद्धतीचं आहे.
- दुधी, कोबी, दोडका यांत मूगडाळ, माणशी १५ ग्रॅम.
- आठवड्यातून तीन-चारदा मटकी, मूग, चवळी किंवा वालाची उसळ, माणशी ३० ग्रॅम कोरडं कडधान्य. मोड आलेलं मोजायचं असेल तर वजन दुपटीहून थोडं जास्त धरा.
- पिठलं, माणशी २५ ते ३० ग्रॅम बेसन. झुणक्याला तेल बरंच जास्त लागतं, रोजचं म्हणून पिठलंच बरं.

डाळ एकदम दुप्पट केली की पोट फुगतं, आणि 'आम्हाला डाळ बाधते' असा निष्कर्ष निघतो. आठवड्याला थोडी थोडी वाढवा. कडधान्य आठ तास भिजवून ते पाणी टाकून द्या, मोड येऊ द्या, पूर्ण शिजवा, फोडणीत हिंग घाला. सुरुवात मुगाने करा; वाल, हरभरा आणि छोले नंतर.

मांसाहारी घरात १०० ग्रॅम बांगड्यात किंवा चिकनमध्ये १८ ते २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. हे वजन काटे-हाडं सोडून. माशाच्या जेवणात कॅलरी वाढतात त्या माशाने वाढत नाहीत. वाटणातला नारळ आणि रवा लावून तळलेली तुकडी, तिथे पाहा. ४० ग्रॅम ओल्या खोबऱ्याच्या दीडशेच्या वर कॅलरी होतात. तुकडी तव्यावर दोन चमचे तेलात भाजा, आणि कालवण असेल त्या दिवशी सोलकढी पातळ ठेवा.

भाजी कमी का पडते

४०० ग्रॅम हा आकडा ऐकून लोक दचकतात. चौघांना दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम, आठवड्याला ११ किलोच्या वर! एकदम तिथे पोचायची गरज नाही, पण पातेलं कुठे रिकामं राहतं ते कळलं पाहिजे. मेथीची एक मध्यम जुडी निवडून जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅम भरते आणि कढईत बसून मूठभर होते; चौघांना ती भाजी म्हणून नव्हे तर तोंडीलावणं म्हणून पुरते. पालेभाजी करताना तीन जुड्या घ्या, नाहीतर एक जुडी पिठलं, वरण किंवा थालिपिठात घालून दुसरी भाजी वेगळी करा.

कोशिंबीर हा सर्वांत स्वस्त आणि बिनकष्टाचा उपाय. पारंपरिक वाढपात ती डाव्या बाजूला चमचाभर असते. तिचं माप वाढवून वाटीभर करा. काकडी, मुळा, गाजर, बीट, टोमॅटो, कोबी यांतलं जे स्वस्त ते, माणशी १०० ग्रॅम, वर एक चमचा दाण्याचा कूट आणि दही. मीठ अगदी वाढताना घाला, आधी घातलं की पाणी सुटतं आणि ते पाणी कोणी पीत नाही. डब्यात न्यायची असेल तर चिरलेली भाजी कोरडी न्या आणि दही-कूट वेगळ्या डबीत.

डब्यावरून एक: कप्प्यांच्या डब्यात सर्वांत मोठ्या कप्प्यात पोळ्या आणि छोट्यात भाजी भरायची सवय उलटी करा. दोन पोळ्यांची घडी छोट्या कप्प्यातही बसते.

तेल

इथे सर्वांत जास्त चूक होते, कारण तेल दिसत नाही. ५ मिलीचा छोटा चमचा म्हणजे ४० कॅलरी, १५ मिलीचा मोठा चमचा १२०. कॅनमधून थेट कढईत ओतलं की 'जरासं' म्हणता म्हणता तीन मोठे चमचे पडतात. चौघांच्या घरात दिवसाचं तेल सकाळी एका छोट्या बाटलीत काढून ठेवा, १०० मिली. वरचं थोडं तूप-लोण्यासाठी सोडा. संध्याकाळपर्यंत बाटली पुरली पाहिजे. पहिले दोन-तीन दिवस दुपारीच संपते, तेव्हा कुठे ओतलं जातंय ते आपोआप कळतं.

कमी तेलात मोहरी तडतडत नाही ही तक्रार खरी आहे, पसरट कढईत तेल पातळ पसरतं. कढलं तिरकं धरून दोन छोटे चमचे तेल तापवा, मोहरी-हिंग-हळद त्यात फुलवा आणि फोडणी शिजलेल्या भाजीवर घाला; वासही जास्त येतो. वांगं तेल पिऊन घेतं, ते आधी वाफवून किंवा भाजून घ्या. कांदा-खोबऱ्याचं वाटण परतताना तेल वाढवण्याऐवजी पाण्याचा हबका मारत राहा. मिसळीची तर्री वेगळी मागा आणि लागेल तेवढीच घाला. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी करताना दुप्पट तेल जातं, तेव्हा उरलेल्या पोळ्या ताकाबरोबर कुस्करून किंवा तव्यावर कडक भाजून संपवलेल्या बऱ्या. दाण्याचा कूट तेलाच्या रकान्यात धरू नका, पण बेहिशेबीही वापरू नका: भरल्या वांग्यात माणशी १५ ते २० ग्रॅम पुरतो.

नाश्ता आणि उपास

५० ग्रॅम पोह्यांची बशी तेल-दाण्यांसह ३०० कॅलरींच्या घरात जाते आणि प्रथिनं पाच-सहा ग्रॅमच देते. त्यामुळेच पोहे खाऊन अकरा वाजता पुन्हा भूक लागते. पोहे ४० ग्रॅमवर आणा, त्यात मटार आणि कांदा वाढवा, शेजारी अर्धी वाटी मोडाची मटकी किंवा एक उकडलेलं अंडं ठेवा. उपम्यालाही हेच लागू. भाजणीचं थालिपीठ मुळातच बरं, कारण त्यात डाळी असतात. फक्त त्याच्या भोकांत तेल सोडताना चमचा मोजा आणि वर लोण्याचा गोळा ठेवायचा असेल तर थालिपीठ एकच.

साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. खिचडीची एक मध्यम बशी (६० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम कूट, दोन छोटे चमचे तूप, वर बटाटा) ४०० कॅलरींच्या पुढे जाते, आणि तिला दुपारी वेफर्स, संध्याकाळी रताळ्याचा कीस जोडला की 'एकादशी, दुप्पट खाशी' खरं ठरतं. उपासाला वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, ताक, एखादं फळ. साबुदाणा खायचाच तर दिवसातून एकदा, वाटीभर दह्याबरोबर.

एक दिवस मांडून

५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईसाठी, तीळभरही उपाशी न राहता:

सकाळी १०० मिली दुधाचा, एक छोटा चमचा साखरेचा चहा. नाश्त्याला ४० ग्रॅम पोहे आणि २० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ. दुपारी दोन पोळ्या, डाळ-दाणे न घातलेली १५० ग्रॅम पालेभाजी, ३० ग्रॅम डाळीचं वरण, ३० ग्रॅम तांदळाची मूद आणि तिच्यावर एक छोटा चमचा साजूक तूप, वाटीभर कोशिंबीर, १०० ग्रॅम दही. चारला दुसरा चहा, एक पेरू, १५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. रात्री ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी, २५ ग्रॅम बेसनाचं पिठलं, १५० ग्रॅम फळभाजी, मुळा-काकडी, पेलाभर ताक. दिवसभराचं तेल पाच छोटे चमचे. बेरीज १६०० ते १६५० कॅलरी आणि ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं. दोन्ही चहांत साखर दोन-दोन चमचे झाली तर ४० कॅलरी वाढल्या. गूळ घातला तरी जवळपास तेवढ्याच.

वाढणं आणि जेवणं

आधी कोशिंबीर, भाजी आणि डाळ यांनी सुरुवात करा, पोळी त्यांच्याबरोबर, भात शेवटी. या क्रमाने रक्तातली साखर सावकाश चढते आणि भातापर्यंत येता येता पोट बऱ्यापैकी भरलेलं असतं. जेवायला पंधरा-वीस मिनिटं द्या. पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. पातेली ताटाशेजारी न ठेवता ओट्यावर ठेवा. उरणार असेल ते जेवायला बसण्याआधीच डब्यात घालून फ्रिजमध्ये, म्हणजे 'वाया जाऊ नये' म्हणून कोणी पोटात ढकलणार नाही. आग्रहाला 'नको' म्हणून भागत नाही. त्यापेक्षा 'कोशिंबीर वाढा' म्हटलं की वाढणाऱ्याचंही समाधान होतं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पोळी-भात अचानक कमी केल्याने साखर धोकादायक खाली जाऊ शकते, औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घेऊनच सुरुवात करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळ वाढवू नका. गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त लागतात आणि वाढत्या मुलांचं जेवण मोजायचं नसतं. त्यांच्या ताटात डाळ-भाजी वाढवा, पोळी हवी तेवढी घेऊ द्या.

पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी अनशापोटी, कमरेचा घेर टेपने मोजा. पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी ही भारतीयांसाठीची धोक्याची रेघ. महिनाभरात घेर हलला नाही तर आधी तेल माणशी एका छोट्या चमच्याने उतरवा, मग रात्रीच्या पोळी-भाकरीचा एक चतुर्थांश. डाळ आणि भाजीला हात लावू नका.